एका तारेवर तीन पंप

चिसापा खाण,
९ नोव्हेंबर १९८७

अहो उंदीरखाऊ मुदाला,

पत्र पाहून दचकू नका, कोणी मेलेलं नाही.

तुम्ही निवृत्त होऊन चिपाट्याला शेती करायला गेलात, तरी इथे कुठल्याही पाळीत काही अडलं की लोक अजून म्हणतात, "मुदाला असता तर." मी सांगते त्यांना, मुदाला म्हणजे शेवटी म्हाताराच, तो असता तर खाणीतले उंदीर तेवढे संपले असते, बाकी काही फरक पडला नसता. तुमच्या न्गोनी पूर्वजांनी आमच्या बेंबांवर चाल केली, त्याबद्दल आम्हाला तुमच्या सात पिढ्यांना शिव्या द्यायचा हक्क मिळाला आणि तुम्हाला आम्हाला. या थट्टेच्या नात्याला जागून लिहिते आहे. कामही आहे.

खाण आणखी खाली गेली. पाणी तुमच्या जिभेसारखं, कोरड्या दिवसांतही थांबत नाही. तळाला मी आता दोनाचे तीन पंप केलेत. एक थांबला तर दुसरा, दुसरा थांबला तर तिसरा. तीन वेगळ्या देशांतून आणलेत, तिघांचे नळ वेगळे, विजेच्या वाटा वेगळ्या, तिसऱ्याला वर स्वतःचं जनित्र. सरकारी तपासनीस म्हणतो, वर्ष संपायच्या आत लिहून द्या की कोणत्याही एका कारणाने तिन्ही पंप एकदम बंद पडू शकत नाहीत. त्याखाली सही माझी.

सही करायला हात कचरत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. सगळ्यात खालच्या थरावर मुकादम कोण आहे, माहीत आहे ना? आमचा धाकटा, काबासो. आई गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. मी त्याला पाठीला बांधून शाळेत जायची. तिन्ही पंप थांबले तर पाणी आधी त्याच्या बुटात शिरणार.

म्हणून पैज लावते. तिन्ही पंप बंद पाडेल असं एक कारण शोधून दाखवा. सापडलं तर मी सगळ्यांसमोर तुमचा तो काडीवरचा उंदीर खाईन, शेपटीसकट. नाही सापडलं तर तुम्ही इथे येऊन माकडाचं कालवण खायचं आणि चांगलं झालंय म्हणायचं.

तुमची,
एलिडा कापेम्ब्वा

*

चिपाट्याजवळून,
२० नोव्हेंबर

माकडखाऊंच्या लेकी,

पत्र मिळालं. पैज मान्य. उंदीर मी आत्तापासून निवडायला घेतो, जरा गुबगुबीत बघतो.

आधी घरची खबर. माझा भाचा शावा तुझ्याच खाणीत पंपांवर आहे. त्याने पाठवलेल्या पगारातून मी एक काळा बैल घेतला. बैल म्हातारा निघाला. गावातली पोरं म्हणतात, हा आणि तुम्ही एकसारखे चालता, म्हणून त्यांनी त्याचंही नाव मुदाला ठेवलं. आता बायको अंगणातून "मुदाला" अशी हाक मारते तेव्हा आम्ही दोघंही मान वर करतो. बहुतेक वेळा हाक त्याला असते.

आता तुझे पंप. तीन देश, तीन नळ, तीन विजेच्या वाटा. वा. माझी बायको पण तीन चुली मांडते, तीन भांडी चढवते आणि मग शेजारणीकडे एक काडेपेटी मागायला जाते. मला एवढंच सांग, हौदात पाणी चढलं हे त्या पंपांना कळतं कसं? माझ्या वेळी हौदात एक तरंगता गोळा होता आणि त्याची एक तार पंपांपर्यंत जायची. गोळा वर आला की पंप सुरू. ती तार बदललीस का? का त्या एकाच तारेवर तीन पंप टांगून ठेवलेस? ती तार तुटली तर तुझे तिन्ही परदेशी पाहुणे हातावर हात ठेवून बसतील. प्रत्येकाला वाटेल पाणी अजून खालीच आहे.

उंदीर भाजका आवडेल की उकडून वाळवलेला?

जेले

*

चिसापा खाण,
३ डिसेंबर

अहो उंदीरखाऊ,

तार एकच होती.

तुमचं पत्र मी पंपघरात उभ्याने वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला, तरंगता नव्हे, खरा. सहा महिने मी त्या तारेखालून वाकून जात होते. डोकं लागू नये म्हणून वाकायची आणि तिच्याकडे बघायची नाही.

आता ऐका. तीन गोळे, तीन तारा, तिन्ही वेगवेगळ्या बोगद्यांतून. गोळेही एका जातीचे नाहीत, म्हणजे एकात खोट निघाली तर ती दुसऱ्यात असेलच असं नाही. वर आणखी एक केलं. पंप एकाच दालनात होते, ते तीन दालनांत हलवले, मध्ये जाडजूड खडक. एका दालनात आग लागली तर दुसऱ्याला धूरही जाणार नाही. एका दालनातला माणूस दुसऱ्या दालनातल्याला दिसतसुद्धा नाही. तपासनीस येऊन गेला, त्याने मान डोलावली.

काबासोला पैजेचं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "अक्का, मुदाला जिंकणार. म्हातारा तुला उंदीर खायला घातल्याशिवाय मरायचा नाही." घरचं पोर शत्रूला मिळालं, दुसरं काय.

पैजेत तार मोजू नका. ती मी तुमच्या आठवणीने दुरुस्त केली, कारण म्हणून नाही. पैज चालू आहे. तुमचा दुसरा मुदाला कसा आहे? खाल्लेल्या चाऱ्याला जागतो का, की तोही तुमच्यासारखा निवृत्तच?

एलिडा

*

चिपाट्याजवळून,
१४ डिसेंबर

माकडखाऊंच्या लेकी,

तार मोजायची नाही म्हणतेस. बरं. रडीचा डाव, पण बेंबांकडून वेगळं काय मिळणार.

उत्तराला उशीर झाला कारण एका मयताला गेलो होतो. इथल्या शाळेचे मास्तर गेले, तुमच्यातले होते, बेंबा. बिचारे माझ्या कधी ओळखीचेही नव्हते. पण न्गोनी माणूस बेंबाच्या दारात शिव्या द्यायला गेला नाही तर मेलेल्याला कसं वाटेल? गेलो आणि सरळ कबरीत उतरून आडवा झालो. म्हटलं, जागा छान आहे, मीच राहतो, मास्तरांना माकडाच्या झाडावर टांगा. बिअरचा तांब्या खाली सोडला तेव्हाच वर आलो. मास्तरीणबाई रडता रडता हसल्या. तेवढं झालं की माझं काम झालं.

येताना वाटेत तुझे पंप आठवले. पावसाळ्यात तळाच्या हौदात गाळ येतो. पंपाच्या तोंडाशी जाळी असते, ती रोज घासली नाही तर तुंबते, आणि पंप कोरडा फिरून बंद पडतो. मला सांग, तिन्ही जाळ्या कोण घासतो? माझ्या वेळी न्सोफ्वा घासायचा, एकटा. अजून तोच असेल तर तुझे तीन पंप नाहीत. तुझा एक न्सोफ्वा आहे. त्याचं पोट बिघडलं की खाणीचं पोट भरलं. आणि तो जाळी बसवताना चाप उलटा लावतो, ते मी दोनदा पकडलंय. एकाच्या हातची चूक तीन ठिकाणी.

ही तरी मोज.

जेले

*

चिसापा खाण,
२ जानेवारी १९८८

अहो उंदीरखाऊ,

नवं वर्ष सुखाचं जावो. दात शाबूत राहोत, माकड चिवट असतं.

न्सोफ्वा एकटाच घासत होता. चाप उलटा होता. तिन्ही ठिकाणी. हे मी फक्त तुम्हाला सांगते आहे, बाहेर कुठे बोललात तर तुमच्या भाच्याची रात्रपाळी लावीन.

पण आता मी तुमच्या पुढे गेले. मी विचार केला, म्हातारा पुढे काय विचारणार? तीन माणसं ठेवलीस, पण तिघं एका गावची असली आणि गावात लग्न निघालं तर? तिघं एका चर्चची असली तर? एकाच अड्ड्यावर चिबुकु पिऊन तिघांना एकदम जुलाब झाले तर? म्हणून मी माणसं अशी निवडली की त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नको. पहिल्या पंपाला न्सोफ्वा, बेंबा. दुसऱ्याला तुमचा शावा, न्गोनी. तिसऱ्याला लिकांडो, तो पार पश्चिमेचा, लोझी. तीन जमाती, तीन चर्च, तीन वस्त्या. न्सोफ्वाकडे कोणी मेलं तर न्सोफ्वा जाईल, शावाकडे मेलं तर शावा. तिघांचं सुतक एकदम कसं येणार?

लिकांडो माणूस नेक आहे. त्याचं लग्न तुम्हीच मध्यस्थी करून जमवलंत म्हणे. बायको फार कामसू आहे, परवा मला भोपळ्याची पानं पाठवली तिने.

सही केली. कागद गेला. त्या दिवशी खाली काबासोच्या थरापर्यंत गेले, जमीन कोरडी होती, तो पोरांना ओरडत होता. मला पाहून म्हणाला, "अक्का, तू इथे काय करतेस, सही चुकली का?" मी म्हटलं, तुझं नाक बघायला आले. खरं म्हणजे बूट बघायला गेले होते.

आता शोधा कारण.

एलिडा

*

चिपाट्याजवळून,
१९ जानेवारी

माकडखाऊंच्या लेकी,

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. बैलाला वाचून दाखवलं. तिघांनाही काही सापडलं नाही.

बेंबा, न्गोनी आणि लोझी. हे मला सुचायला हवं होतं. आयुष्यभर मी यंत्रांच्या तारा वेगळ्या करत बसलो, माणसांच्या तारा वेगळ्या करायचं माझ्या डोक्यात आलं नाही. शाबास. मी हरलो. पाऊस सरला की ईस्टरला येतो, भांडं चढवून ठेव. माकड लहान बघ.

शेत चिखलाने भरलंय. मुदालाची तब्येत नरम आहे. कोणता, ते ज्याचं त्याने ओळखावं. वारुळाच्या खड्ड्यात पाय जातो त्याचा सारखा.

काबासोला सांग, मुदाला जिंकला नाही, तरी मरायचा विचार नाही.

हरलेला,
जेले

*

तार

चिपाटा, १८ फेब्रुवारी १९८८
शावा, पंपघर, चिसापा खाण

मुदाला गेला. शनिवारी या.

*

चिसापा खाण,
२४ फेब्रुवारी

मुदाला,

शिवी देऊन सुरुवात करायची होती, पण या वेळी कुठली पुरेल ते सुचलं नाही.

शनिवारी मी तुमच्या अंगणात तुम्हाला चप्पल फेकून मारली आणि मग सगळ्यांबरोबर पोट धरून हसले. हसून निघून आले. इथे पोचल्यावर काय कळलं ते सांगते, पण आधी सगळं पहिल्यापासून ऐका. तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

तार गुरुवारी आली. शावाने वाचली आणि तो, खाली उतरताना डोक्याचे दिवे घेतो त्या दिवेखोलीच्या दारात खालीच बसला. ती तार हातोहात फिरून माझ्याकडे आली. मुदाला गेला. मला दोन मुदाला माहीत होते, मुदाला. सगळ्या खाणीत ते फक्त मलाच माहीत होतं. दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी मी स्वतःच्या हाताने लिहून केलेली. वारुळाचा खड्डा मी वाचलेला. तरी बैल डोक्यात आला नाही, तुम्हीच आलात. पिशवी उचलली आणि निघाले. न्गोनी मेला आणि बेंबा शिव्या द्यायला गेली नाही, असं होऊ दिलं नसतं.

काबासो म्हणाला, "मी नाही येत. म्हातारा पैज हरून मरणारा नाही, काहीतरी घोटाळा आहे. आणि माझी शनिवारची पाळी आहे." मी त्याला म्हटलं, तुझ्या छातीत दगड आहे. निघण्याआधी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

लुसाकाहून चिपाट्याच्या बसमध्ये चढले तर माझ्या पुढच्याच बाकावर न्सोफ्वा. मांडीवर फावडं, खाणीतलं. कबर खणणं हे थट्टेच्या भावाचंच काम, दुसरा कोण खणणार? त्याच्या शेजारी शावा, डोळे सुजलेले. मागे लिकांडो, बायको आणि दोन्ही मुलं घेऊन. त्याची बायको तुमच्याच भाऊबंदांतली, हे माझ्या लक्षातच नव्हतं. जावई सासऱ्याच्या मातीला नाही जाणार तर कुठे जाणार? माझे तिन्ही पंप एका बसमध्ये बसले होते, मुदाला. आणि मला भरून आलं. म्हटलं, काय माया लावली होती म्हाताऱ्याने. मी त्यांना शेंगदाणे वाटले.

त्यांच्या मात्र लक्षात आलं होतं. न्सोफ्वाने लिकांडोला पाहिलं, लिकांडोने शावाला पाहिलं आणि तिघंही खिडकीबाहेर बघायला लागले. कारण असं झालं होतं, न्सोफ्वाने दिवेखोलीत निरोप ठेवला होता, "लिकांडोला सांगा, माझी जाळी दोन दिवस घास." लिकांडोने निरोप ठेवला, "शावाला सांगा." शावाने ठेवला, "न्सोफ्वाला सांगा." तिघांच्या मुकादमांनी तिघांना वेगवेगळी रजा दिली, कारण एकच तर जातोय, दोन आहेतच. दालनं मी वेगळी केलेली, मध्ये जाडजूड खडक. कोणाला कोणी दिसलं नाही. बस तोवर खूप लांब आली होती आणि मी मागच्या बाकावर, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. वाटेतल्या पेटौकेपर्यंत मी रडत होते आणि मध्येच तुमच्यासाठी शिव्या जमवत होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कुंपणावर बैलाचं कातडं वाळत होतं आणि तुम्ही आंब्याखाली बसून हाड चोखत होतात. न्सोफ्वाच्या हातातलं फावडं गळून पडलं. तुम्ही विचारलंत, "मटण कमी पडेल, एवढे कशाला आलात?"

आता न माहीत असलेलं. आम्ही हसत होतो, त्याच दुपारी इथे तळाला जाळ्या गच्च भरल्या आणि पंप एकामागून एक कोरडे पडून थांबले. काबासोला बुटात ओल लागली. त्याने पोरांना लिफ्टच्या पिंजऱ्यात घालून वर पाठवलं आणि स्वतः पहिल्या दालनाकडे गेला. कोणी नाही. दुसऱ्याकडे गेला. कोणी नाही. तिसऱ्याकडे जाईपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं. तिथे त्याने डोकं पाण्याखाली घालून हातांनी जाळी उपसली. श्वास घ्यायला वर यायचा आणि परत खाली. चार नखं गेली. मग पंपाने पाणी धरलं.

कोणी मेलं नाही. मी सोमवारी इस्पितळात गेले तर पलंगावर बसून भात खात होता आणि खोकत होता. म्हणाला, "म्हातारा मेला का खरंच?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "सांगितलं होतं मी."

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून खूप रडले. तुमच्यासाठी रडले होते त्याहून जास्त.

एलिडा

*

चिपाट्याजवळून,
६ मार्च

एलिडा,

मीही आज शिवी घालत नाही. बायकोने तुझं पत्र वाचून दाखवलं. काबासोच्या नखांचं ऐकल्यापासून मटण घशाखाली उतरत नाही. आणि मटण अजून बरंच आहे.

खरं सांगतो, मी तारेत आधी "बैल" लिहिलं होतं. टपालमास्तर म्हणाला, तेवढा एक शब्द काढा, शावाला कळेलच. मला पण पटलं, बैलाचं नाव मी फक्त तुलाच कळवलं होतं हे आठवलंच नाही. आम्ही न्गोनी चिकट, हे तू वीस वर्षं सांगत होतीस.

पण शब्दाला दोष देऊन मी सुटत नाही. मी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली, तुझी आणि मी ठेवलेल्या माझ्या नकला. हौदात, तारेत, जाळीत, चापात आपण कारण शोधत होतो. आणि तुझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ काय? उंदीरखाऊ. माझ्या प्रत्येक पत्राची? माकडखाऊंच्या लेकी. उत्तर आपण वरच लिहीत होतो आणि खाली प्रश्न विचारत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बेंबा आणि न्गोनी वेगळे म्हणून तू दोन पंपांना दोन लावलेस. अगं, बेंबा मेला की पहिला न्गोनी धावतो. न्गोनी मेला की पहिला बेंबा. जगात दुसरी कुठली दोन माणसं इतकी एकत्र बांधलेली नसतील. ओळखही नसलेल्या मास्तरांच्या कबरीत मी स्वतः आडवा झालो, ते तुला लिहून कळवलं, आणि पुढच्याच पत्रात तुला शाबास म्हटलं. आणि तिसऱ्याला माझ्याच घराण्यातली मुलगी मी स्वतः मिळवून दिली.

परक्या देशातला कोणी असता तर विचारलं असतं, हे दोघं एकमेकांना एवढ्या शिव्या का देतात? आपल्याला ते विचारायचं सुचलं नाही, कारण आपण देण्यात गुंग होतो.

तू मला एक कारण शोधायला सांगितलं होतंस. सापडलं. ते मी आहे. तुझ्या तीन गोळ्यांच्या तीन तारा तू वेगळ्या केल्यास, पण माझ्यापासून तिघांपर्यंत जाणारी तार कापायची राहिली. आणि मी नेमकी तीच ओढली.

काबासोला माझा नमस्कार सांग. त्याला तोंड दाखवायला मी ईस्टरला येईन म्हणतो. तू नको म्हणालीस तर नाही येणार.

पैज कोण जिंकलं ते तूच ठरव.

जेले

*

चिसापा खाण,
२१ मार्च

अहो उंदीरखाऊ,

या. तुम्ही येणार म्हटल्यावर काबासोने नवे बूट घासून ठेवलेत. म्हणतो, मुदालाला दाखवतो.

तपासनिसाकडे मी स्वतः जाऊन सांगितलं, माझी सही चुकली. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, मयत. तो पेन खाली ठेवून म्हणाला, "कोणाचं?" मी म्हटलं, बैलाचं. मग त्याला सगळी हकीगत सांगावी लागली. तो टोंगा आहे, लोझींचा थट्टेचा भाऊ. सगळं ऐकून म्हणाला, तरी मी म्हणत होतो, यात एक लोझी असणारच. नोकरी वाचली, पण खालचा थर पंप नीट होईपर्यंत बंद आहे आणि वरच्या साहेबांनी मला जे ऐकवलं ते तुमच्या शिव्यांहून बरंच कमी मजेचं होतं.

आता नवा नियम. दिवेखोलीत निरोप ठेवायचा नाही. जाळी घासायचा ब्रश एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पडल्याशिवाय पहिल्याने पिंजऱ्यात पाय ठेवायचा नाही. आणि दुसरा नियम मी बैठकीत सांगितला. मोठं मयत असेल तेव्हा कोण मागे राहणार, हे ज्याचं मयत तो जिवंत असतानाच ठरवून ठेवायचं. न्सोफ्वा म्हणाला, "अक्का, हे अशुभ आहे." मी म्हटलं, तीन पंप एका बसमध्ये हे काय शुभ होतं? मग सुरुवात कोणापासून करायची यावर एकमत झालं. तुमच्यापासून.

पैज तुम्ही जिंकलात. गेल्या रविवारी पंपघरात सगळ्यांसमोर मी उंदीर खाल्ला. शावाच्या बायकोने करून दिला. खारट होता. वाईट नव्हता. हे चिपाट्यात कोणाला सांगितलंत तर मी नाकबूल करीन.

मग चिठ्ठ्या टाकायचं चाललं होतं, तुमच्या वेळी तळाला कोण राहणार म्हणून. न्सोफ्वाला कबर खणायची. शावा भाचाच, त्याला कसं सांगायचं? लिकांडो जावई. काबासो म्हणाला, मी राहतो, मला सवय झाली. मी म्हटलं, नाही. तू जा आणि म्हाताऱ्याच्या कबरीत आडवा हो, बिअर मिळाल्याशिवाय उठू नकोस.

मी राहणार आहे. आमच्यात मयताला न येणाऱ्या माणसाच्या छातीत दगड आहे असं म्हणतात, मी स्वतःच ते म्हटलं होतं, ज्याला म्हणायला नको होतं त्यालाच. म्हणून हे आधीच लिहून ठेवते, नंतर कोणी विचारलं तर दाखवा. मुदाला, तुमच्या मयताला मी येणार नाही. त्या दिवशी मी तळाला हौदाशी बसून तिन्ही जाळ्या घाशीन. शिव्या तिथूनच देईन, जमवून ठेवलेल्या सगळ्या, मोठ्याने. पंपांच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार नाहीत. तुम्हाला जातील.

घाई मात्र करू नका. फेब्रुवारीत तर मुळीच नको, पाणी फार असतं.

माकडाचं कालवण तरीही करून ठेवते, नुसतं चव बघायला.

तुमची,
एलिडा